चौथी खुंटी

"दिवे लागायच्या आत तुझा चौकोन जुळला, तर मी डोक्यावर बादली घालून गल्लीभर ओरडत फिरेन, 'मी गाढव!'" कुंपणावरून प्लंबर म्हणाला. "नाही जुळला, तर बादली तुझी."

"घासून ठेव बादली," शिंपी म्हणाला. "तीस वर्षं ढेरपोट्यांची मापं घेतोय. जमीन तर श्वाससुद्धा घेत नाही."

मागच्या अंगणात दाराला लागून लाकडी डेक, म्हणजे बसायचा ओटा करायचा होता, आईसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने म्हातारीने उंबरा ओलांडला नव्हता. मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि जगाला अक्कल शिकवायची. सुताराने बजावलं होतं, चार खुंट्या ठोका, दोरी बांधा, दोन्ही तिरपी मापं सारखी आली पाहिजेत. सकाळी तशी नसली तर मी दुसऱ्या कामावर, मग दोन महिने माझं तोंड दिसणार नाही.

शिंप्याने ठोकल्या खुंट्या. दोन्ही तिरपी मापं बरोब्बर सारखी! तो धावत प्लंबरला साक्षीदार म्हणून घेऊन आला. त्याने टेप धरली. एक तिरपं माप तीन इंच जास्त.

"जमीन श्वास घेते रे," प्लंबर म्हणाला.

शिंप्याने दात-ओठ खात बाकीच्या तीन खुंट्या सरकवल्या. जुळलं. प्लंबर आला. पुन्हा तीन इंच! तिसऱ्यांदा बायकोला टेपचं टोक धरायला बसवलं, आणि माप चुकल्यावर तिच्यावरच डाफरला. ती टेप टाकून आत गेली. "शर्ट शिवा जमिनीला!"

"अरे, जेवून घे, मग माप घे," दारातून आई.

"आई, तू गप्प बस! तुझ्यासाठीच मरतोय इथे!"

चौथ्या खेपेला दिवे लागले. शिंपी मटकन खाली बसला, आणि त्याला दिसलं. दाराजवळच्या खुंटीमागे ओल्या मातीत तीन भोकं होती, काजं केल्यासारखी ओळीत. पहिलं भोक गुलाबाच्या रोपाला अगदी चिकटून. त्याने मान वर केली. आईच्या काठीची वाकडी मूठ चिखलाने माखली होती.

"आई!"

"मुळावर ठोकलीस की खुंटी. तुझ्या बापाने लावलेलं रोप आहे ते."

"मग तोंडाने सांगायचं ना!"

"सांगणार होते. तोंड उघडलं की गप्प बस म्हणतोस."

प्लंबर कुंपणावर पोट धरून वाकला होता. "ते मला माहीत नाही. दिवे लागले!"

शिंप्याने रोप सोडून चारही खुंट्या हातभर पलीकडे नेल्या. बायको घुश्शातच टेप धरायला आली. यावेळी आईची काठी प्लंबरकडे जप्त होती. दहा मिनिटांत दोन्ही मापं जुळली. सुताराची चिंता मिटली, पैज मात्र गेली ती गेलीच.

गल्लीत सगळे ओट्यांवर जमले. शिंप्याने बादली डोक्यावर घातली आणि दुसऱ्याच पावलाला दिव्याच्या खांबावर आदळला. एकच हशा.

"ती काठी दे इकडे," मागून कुणीतरी प्लंबरला दरडावलं. "आंधळ्यासारखा कुठे धडपडतोस? धर हात."

बादलीच्या काठाखालून शिंप्याला फक्त जमीन दिसत होती. त्याच्या चपलांशेजारी आईच्या चपला होत्या, आणि मध्ये टक् टक् करत काठी.

"अगं, तू बाहेर..."

"ओरड आधी. लोक थांबलेत."

"मी गाढव!" शिंपी बादलीतून ओरडला.

"मोठ्याने. शेवटच्या घराला ऐकू नाही गेलं," आई म्हणाली, आणि त्याला पुढे ओढू लागली.