उजवीकडे पळणारी करवत

मिस्त्रींची करवत सकाळपासून उजवीकडे पळत होती. रेघ सरळ आखलेली, गुण्या लावून तपासलेली. पण करवत चार बोटं गुणाने चालायची आणि मग हट्टी पोरासारखी रेघ सोडून द्यायची. दोन फळ्या वाया गेल्या. मिस्त्रींनी चष्मा पुसला, शिकंजा आवळला, टेबलाचे पाय डुगडुगतात का तेही वाकून पाहिलं. तिसरी फळीही तशीच.

“अहो, चहा गार झाला,” दारातून बायको म्हणाली. “फळीवर कसला राग काढताय?”

“राग कसला! हात गेला माझा.”

“गेला कुठे? आत्ता तर त्याच हाताने मिशी पिळत होतात.”

मिस्त्री हसले नाहीत. जन्मभर ज्या हाताच्या भरवशावर लोकांची दारं-खिडक्या बसवली, त्याने असं न सांगता निघून जावं? देवा, निदान कळवायचं तरी!

तेवढ्यात जावई आले. तेही सुतारच, परवापासून मुक्कामाला होते.

“जावईबापू, एवढी फळी कापता का?” मिस्त्रींनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

जावयांनी करवत धरली आणि रेघेवरून केसभरही न ढळता खाली उतरवली.

झालं! आता संशयाला जागाच कुठे उरली? मिस्त्रींनी करवतीची मूठ फडक्याने पुसून ती जावयांपुढे धरली. “घेऊन जा. रंधे घ्या, पटाशाही घ्या. मी आता खुर्चीत बसणार.”

“मामा, असं काय करता? कालच तर तुमच्यासाठी धार लावली हिला!”

“काय केलंत?”

“धार लावली. तुम्ही दुपारी झोपला होतात. डाव्या बाजूचे दात फारच बाहेर वाकले होते, माझ्या हातात डावीकडे ओढत होती. सगळे सारखे करून टाकले.”

मिस्त्रींनी करवत डोळ्यांसमोर धरून दातांवरून नजर फिरवली. शिडीवरून पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा आखडलेला. तेव्हापासून दर खेपेला धार लावताना, करवत सरळ चालेपर्यंत, ते डावे दात जरासे बाहेर काढत आले होते. म्हणजे हात आज गेला नव्हता. केव्हाचाच गेला होता, आणि ही करवतमाउली मुकाट्याने त्याला सांभाळून घेत होती. आता यावर हसायचं की रडायचं? आणि जावयाला बोलायचं तरी काय?

“चुकलं का माझं, मामा?”

“नाही हो. करवत आता अगदी बरोबर आहे. तीच तर पंचाईत आहे.”

मिस्त्रींनी दात वाकवायचा चिमटा उचलला. डाव्या बाजूचे दात एकेक करून पुन्हा किंचित बाहेर वाकवले. चौथी फळी रेघेवर कापली गेली. जावयांनी उरलेल्या तुकड्यावर करवत चालवून पाहिली, तर ती डावीकडे पळाली.

“मग आता ही बिघडली की सुधारली?” बायकोने विचारलं.

सासऱ्यांनी जावयांकडे पाहिलं, जावयांनी सासऱ्यांकडे.

“ते काही कळत नाही बुवा,” मिस्त्री म्हणाले. “तू चहा गरम कर.”

आणि जावयांच्या हातातून त्यांनी करवत हळूच काढून घेतली.