शेवटची ओळ

चष्मेवाल्याला पाच हजार माणसं हवी होती. दुकानात नव्हेत, एवढी माणसं दुकानात शिरली असती तर आरसेच फुटले असते. ती हवी होती फोनमध्ये, दुकानाच्या नावाखालच्या आकड्यात, आणि तीही शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत.

अट होती इमारतीच्या मॅनेजरची. इमारत रंगवून चकाचक झाली आणि तळमजल्यावरचे गाळे फक्त ‘नाव असलेल्यांना’ द्यायचे ठरलं. नाव आहे की नाही हे ओळखायचं कसं, तर फॉलोअर मोजून. पाच हजार भरले तर कोपऱ्यावरचा गाळा राहील; नाही भरले तर तिसरा मजला, मागची बाजू. लिफ्ट नाही. चष्मेवाल्याची निम्मी गिऱ्हाइकं साधी पायरीसुद्धा पायाने चाचपून चढणारी, त्यामुळे तिसरा मजला म्हणजे दुकान बंदच करणं होतं.

“बत्तीस वर्षं लोक येतायत माझ्याकडे,” तो मॅनेजरला म्हणाला होता.

“येत असतील हो काका, पण दिसत नाहीत,” मॅनेजरने फोन पुढे करून सांगितलं. दुकानाच्या खात्यावर तेव्हा एकशे नऊ फॉलोअर होते, त्यातले वीसेक नात्यातले.

मुलगी हुशार. दिवसभर दुसऱ्याच्या कचेरीत काम करून संध्याकाळी दुकानात यायची. तिनेच तोडगा काढला. “बाबा, आपली माणसं फोनमध्ये बसलेली नाहीत, ती रस्त्यावर आहेत. त्यांना रस्त्यावरून उचलून फोनमध्ये आणायचं.” खात्याला तिने नाव दिलं ‘नजर लख्ख’. मग पोस्टर छापलं: वर पाच ठसठशीत अक्षरं, न ज र ल ख्ख, आणि खाली एक ओळ, ‘हे वाचता येत नसेल तर दुकानात या, येत असेल तर फॉलो करा.’ तेच चष्म्याच्या डबीवर, पुसायच्या फडक्यावर, पिशवीवर.

पोस्टर चिकटवायचं काम बायकोने स्वतःहून अंगावर घेतलं. सकाळी उठून खळ शिजवायची, बादली सायकलला अडकवायची आणि निघायचं. बसथांबे, दवाखान्यांच्या भिंती, शाळेचं फाटक, व्यायामशाळेचा जिना. परवानगी मागायला लाजायची नाही आणि नाही म्हटलं तरी हलायची नाही. अडीच महिन्यांत तिने बाराशे पोस्टरं चिकटवली. “लग्नात सुद्धा एवढ्यांदा तुमचं नाव घेतलं नव्हतं,” असं म्हणून ती हात धुवायला बसायची. खळ नखांत वाळून पांढरी झालेली असायची.

आकडा हजारावर गेला, दोन हजारांवर गेला आणि तिथेच रुतला. तेव्हा चष्मेवाल्याच्या डोक्यात कल्पना आली. आयुष्यात एकदाच येते माणसाला अशी, आणि तेव्हा ती हाकलून लावायला घरात कुणीतरी मोठं लागतं. त्याच्या घरात तोच मोठा होता.

नजर तपासायचा तक्ता सगळ्यांना ठाऊक असतो: वर एक मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, मिळून आठ. आठव्या ओळीकडे प्रत्येक माणूस सगळा जीव एकवटून बघतो. मग तिथेच आपलं नाव का नको? त्याने नवा तक्ता छापून घेतला. शेवटची ओळ: न ज र ल ख्ख. खुर्चीतला माणूस ती मोठ्याने वाचायचा, स्वतःवरच खूश व्हायचा, हसायचा आणि बसल्या बसल्या फॉलो करायचा. चार आठवड्यांत दोन हजार वाढले. मुलीनेही बापाची पाठ थोपटली.

त्याच सुमारास एका दुपारी बायको म्हणाली होती, “अहो, उजव्या डोळ्यापुढे धुरासारखं वाटतंय. पोस्टरची कड वाकडी दिसते.”

दुकानात तिघं थांबलेले होते. त्याने तिला खुर्चीत बसवलं. “डावा डोळा झाक. शेवटची ओळ वाच.” शेवटची आली की वरच्या वाचायची गरज नसते, घाईच्या दिवसांत तो सगळ्यांना असंच करायचा. तिने धडाधड वाचली. न, ज, र, ल, ख्ख.

“माझ्यापेक्षा तुझी नजर बरी आहे. उन्हात कमी फिर.”

तिने मान डोलावली. बत्तीस वर्षं ज्याच्याकडे अख्खं गाव डोळे दाखवायला येतं तो नवरा म्हणतोय म्हटल्यावर स्वतःच्या डोळ्यांचं ऐकायचं कशाला? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बादली घेऊन निघाली.

या गोष्टीला गुरुवारी सहा आठवडे झाले. गुरुवारी आकडा होता चार हजार आठशे बारा. चष्मेवाल्याला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, दर दोन मिनिटांनी तो फोन बघायचा. जुन्या गिऱ्हाइकांतले एक आजोबा तपासायला आले होते, भिंगं पेल्याच्या बुडाएवढी जाड. ती काढून ते खुर्चीत बसले. चष्मेवाल्याने तक्त्याच्या पेटीचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. कोपरा अंधारा आणि तक्ता काळा ठिक्कर.

“थांबा आजोबा, दिवा गेलाय.”

“असू दे की. शेवटची ना? न, ज, र, ल, ख्ख.” आजोबांनी टाळी मागितली. “बघा, या वयात!”

चष्मेवाला हसला. खरंच हसला, क्षणभर. मग त्याचा हात बटणावरच राहिला.

“आजोबा, तुम्हाला तक्ता दिसतोय?”

“तक्ता कसला, मला तर तुम्हीपण नाही दिसत. पण ही ओळ काय, माझ्या जिन्यात लावलीय तुमच्या मंडळींनी. रोज वाचतो.”

बाराशे भिंतींवर त्यानेच उत्तर लावून ठेवलं होतं आणि मग माणसांना खुर्चीत बसवून प्रश्न विचारत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सहा-सात आठवड्यांत किती माणसं त्या खुर्चीत बसली असतील, कितीजणांना त्याने ‘उत्तम’ म्हणून घरी पाठवलं असेल, हे त्याच्या मनात आलं. पण सगळ्यात आधी आला धूर आणि पोस्टरची वाकडी कड.

तो आजोबांना तसंच सोडून धावला. बायको दोन गल्ल्यांपलीकडे भिंतीला ब्रश लावत होती. त्याने हात धरून तिला दुकानात आणलं, बादली रस्त्यातच राहिली. माळ्यावरून जुना तक्ता काढला आणि दाराच्या उजेडात धरला.

“डावा झाक.”

“अहो, झालं काय? खळ वाळेल माझी.”

“वाच.”

“कुठली, शेवटची?”

“पहिली.”

तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. जुन्या तक्त्यावरचं ते एकच अक्षर तळहाताएवढं होतं, दाराबाहेरच्या माणसालाही दिसावं इतकं.

“ते... खालचं थोडं दिसतंय,” ती म्हणाली. “वर काळं आहे.” आणि मग, त्याचं तोंड बघून, “मला वाटलं थकवा असेल. तुम्ही म्हणाला होतात ना.”

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. आधी कडेने, मग मधोमध. सोमवारी ऑपरेशन. सावली राहील, अक्षरं बहुधा परत येणार नाहीत. “धूर दिसायला लागला तेव्हाच आणायचं होतं. तेव्हा मधला भाग शाबूत असणार,” त्या म्हणाल्या. मग फाइलवर नजर टाकून त्यांनी विचारलं, “मध्ये कुणी तपासलं नव्हतं का?”

“मी,” चष्मेवाला म्हणाला. त्याला वाटलं होतं जमीन दुभंगेल. बाई फक्त लिहीत राहिल्या.

शनिवारी दुपारी चार वाजता आकडा होता चार हजार नऊशे सत्याऐंशी. तेरा कमी. मुलगी सुट्टी टाकून आली होती. आई कोपऱ्यात स्टुलावर, डॉक्टरीणबाईंनी बजावल्याप्रमाणे मान न हलवता बसलेली. घरी पडून राहा म्हटलं तर तिने ऐकलं नव्हतं. दुकानाचा निकाल ती भिंतीकडे बघत ऐकणार नव्हती.

चष्मेवाल्याने मुलीपुढे कागद सरकवला. “हे टाक.”

तिने वाचलं. ‘गेल्या सात आठवड्यांत ज्यांनी आमच्याकडे नजर तपासली त्यांनी कृपया पुन्हा यावं. तक्त्यावरची शेवटची ओळ आणि आमचं पोस्टर एकच होतं. ती पाठ असल्यामुळे तपासणी चुकली असू शकते. चूक माझी आहे. ज्यांना धूर, काळी सावली किंवा वाकडं दिसतं त्यांनी माझ्याकडे न येता आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.’

“टाकते,” मुलगी म्हणाली. “पण पाचनंतर. बाबा, तासभराचा तर प्रश्न आहे. तेरा माणसं! हे वाचलं की लोक पटापट निघून जातील. दुकान जाईल.”

“जाईल.”

“एका तासाने कुणाचं काय बिघडणार आहे?”

तो काउंटरवरची एक रिकामी फ्रेम उघडत, मिटत राहिला. त्यालाही तासच हवा होता. सहा आठवडे तो असाच एकेक तास पुढे ढकलत आला होता: आज गर्दी आहे, आधी आकडा होऊ दे, मग सगळ्यांना नीट तपासू. त्याच्या आत कुणीतरी हात जोडून म्हणत होतं, पोरगी बरोबर बोलतेय, ऐक तिचं, गप्प बस.

“शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर मंगळवारी येऊन गेला,” शेवटी तो म्हणाला. “त्यालाही शेवटचीच वाचायला लावली होती मी. त्याची गाडी साडेचारला सुटते.”

मुलीने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कागदावरचा मजकूर खात्यावर टाकला. मग शाळेला फोन लावायला ती दाराबाहेर गेली.

आधी काहीच झालं नाही. मग आकडा हलला. चार हजार नऊशे साठ. चार हजार आठशे नव्वद. खाली लोक लिहायला लागले. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसले, एकाने विचारलं, डोळ्यांचं दुकान आणि आंधळा कारभार? चष्मेवाल्याने फोन पालथा ठेवला. पावणेपाचला दाराशी चार माणसं येऊन उभी राहिली, मग सात, आणि त्यांत ड्रायव्हरही होता, चिडलेला, गाडीच्या किल्ल्या मुठीत. शाळेने त्याला उतरवून दुसऱ्याला गाडी दिली होती. ड्रायव्हरने जे सुनावलं ते चष्मेवाल्याने मान खाली घालून ऐकलं. मग खुर्ची पुसली, नवा बल्ब लावला. तक्ता मुलीने सकाळी हाताने लिहून काढला होता. काही अर्थ न लागणारी अक्षरं, कुणाला पाठ होणार नाहीत अशी.

“दोन मिनिटं,” तो रांगेला म्हणाला, आणि बायकोला उठवून खुर्चीत बसवलं. तिचा डावा डोळा अजून कुणी नीट तपासलेला नव्हता असं नाही, डॉक्टरीणबाईंनी काल तपासला होता. पण त्याला स्वतःला बघायचं होतं.

“उजवा झाक. वरून सुरू कर. एकेक अक्षर. घाई नाही.”

बाहेर इमारतीच्या घड्याळाचे पाच ठोके पडले. मॅनेजरचा फोन आला, वाजून वाजून थांबला. तिने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. सातवीपर्यंत ती बरोबर आली. आठवीला थांबली.

“ही जरा... अंदाजाने सांगू?”

“नको. दिसत नसेल तर दिसत नाही म्हण.”

“दिसत नाही.”

त्याने तिच्या कार्डावर लिहिलं, सात. मग आकडा पुन्हा एकदा गिरवला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, रांगेला ऐकू जाऊ नये इतकं हळू. “तेव्हा मी खोटं नव्हते हो बोलले. मला खरंच दिसली होती ती ओळ.”