सासूबाईंसाठी झांडर

हृषिकेशने जन्मात मासा खाल्ला नव्हता, तरी जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधली मासेमारीची परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला. कारण एकच, सासूबाई.

मागच्या खेपेला मनोरमाबाई मालवणहून आल्या, तेव्हा सुपरमार्केटमधल्या बर्फातल्या माशाचा एक घास खाऊन त्यांनी ताटली लेकीकडे सरकवली होती. "ही मासळी मेलेली नाही गं अवनी, विसरलेली आहे!" ते जावयाच्या मनाला लागलं. त्याने हिवाळाभर सुट्टीचे दिवस मासेमारी क्लबच्या वर्गात घालवले आणि परवाना मिळवला.

यंदा त्या एप्रिलात आल्या. हृषिकेश ओशाळून म्हणाला, "आई, इथला गोड्या पाण्यातला झांडर मासा आत्ता धरता येत नाही. शोनत्साइट, म्हणजे मासेमारी बंदीचा काळ आहे. मासे अंड्यावर असतात. जूनपर्यंत थांबायचं."

"मग थांबू की! आमच्याकडे तरी नारळी पुनवेआधी कोण दर्यात होडी घालतो?"

जूनमध्ये दोघं कालव्यावर गेले. पहिला झांडर लागला तो टेपवर ठरलेल्या मापापेक्षा आखूड भरला. "पोर आहे, जाऊ दे," मनोरमाबाई म्हणाल्या. हृषिकेशने तो आनंदाने सोडला.

दुसरा चांगला हातभर लांब होता. त्याचे काचेसारखे डोळे बघून हृषिकेशचं काळीज विरघळलं. तो मासा पाण्याकडे नेऊ लागला, तोच मघाशी परवाना तपासून गेलेले क्लबचे देखरेखवाले क्रूगर मागे वळले.

"नाइन, नाही! मापात आहे, मोसम उघडलाय. खायचा नव्हता तर धरलात कशाला? गंमत म्हणून धरून सोडायचा नाही."

"काय म्हणतो तो?" मनोरमाबाईंनी विचारलं. हृषिकेशने सांगितलं.

"शहाणा आहे हो माणूस. आणा इकडे, मी बघते." त्यांनी मासा मारायच्या दांडक्याला हात घातला.

"परवाना?" क्रूगरनी विचारलं. तो त्यांच्याकडे कुठला असणार! दांडकं पुन्हा जावयाच्या हातात आलं. त्याने ते उगारलं आणि डोळे मिटले. मनोरमाबाई शेजारी उकिडव्या बसल्या.

"डोळे मिटू नका. घाव चुकला तर हाल त्याचेच."

त्याने डोळे उघडे ठेवले. एक घाव, मग वर्गात शिकवल्याप्रमाणे सुरी. क्रूगर "गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणून निघून गेले. हृषिकेश गवतावर बसला. मनोरमाबाईंनी त्याला थर्मासमधला चहा ओतून दिला.

घरी कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून त्यांनी तुकड्या तळल्या. अवनी बोटं चाटत होती. हृषिकेश वरणभात कालवत होता. अचानक त्याने हात पुढे केला, नखाएवढा तुकडा तोडला आणि तोंडात टाकला.

"मीच मारलाय, निदान चव तरी बघतो."

दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मीठ जरा जास्त झालंय," तो म्हणाला.

"अगो बाई! पहिलाच घास आणि लगेच नावं ठेवतायत!" म्हणत मनोरमाबाईंनी सर्वांत मोठी तुकडी लेकीच्या ताटात वाढली आणि जावयाच्या भातावर तुपाची धार सोडली.