सकाळी वाजलेला शंख

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. सामोआच्या समुद्रात, प्रवाळाच्या कडेला माझं बालपण गेलं. मग पेसामिनोच्या आजोबांनी मला उचललं, माझ्यातल्या गोगलगायीला उकडून खाल्लं आणि माझ्या कुशीत भोक पाडलं. तेव्हा मला आवाज आला.

रोज सूर्य बुडताना मी वाजलो, की गावाने हातातलं काम टाकून प्रार्थनेला घरात शिरायचं. मला फुंकण्याचा मान पेसामिनोच्या घराकडे होता. पेसामिनोचा दम असा, की खाडीपलीकडचे कोळीसुद्धा वल्ही थांबवत.

मग त्याचे ओठ सैल पडू लागले. कडेने हवा निसटे आणि मी नुसता फुसफुसे. संध्याकाळी त्याच्या पापण्या आपोआप मिटत, जीभ अडखळे, अळूचा कंद चावता चावता जबडा थकून जाई. "दुपारपासूनच लावलीस काय रे?" असं लोक विचारत. हसूही बिघडलं. ओठांचे कोपरे वर जाईनात, नुसते दात दिसत. गावप्रमुख तोफिगाच्या नातीकडे बघून तो मायेने हसला, तर तोफिगाला ते वेडावणं वाटलं. त्याने ते मनात धरलं.

एका संध्याकाळी मी वाजलोच नाही. अख्ख्या गावाची प्रार्थना चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावसभा बसली. पेसामिनो नुकताच झोपून उठला होता, चेहरा ताजा होता. तोफिगाने मला त्याच्या हातात दिलं आणि फुंकायला सांगितलं. त्याने जीव ओतला. मी असा घुमलो, की माडांवरचे पक्षी उडाले. बिचाऱ्याला वाटलं, आपला मान वाचला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" तोफिगा म्हणाला. "ह्याला आजारबिजार काही नाही. माज आहे."

त्याच दिवशी मी तोफिगाच्या पुतण्याकडे गेलो.

पुढे पेसामिनोची बायको लुसिया त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की शरीराची रोगांशी लढणारी शक्तीच उलटली आहे, ती नसांचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. स्नायू वापरावेत तसे थकतात, विश्रांतीने परत जोर धरतात. म्हणून सकाळी माणूस धडधाकट, संध्याकाळी लुळा. लुसियाने हे सगळं गावसभेत सांगितलं.

"मग त्या सकाळी काय तुझ्या डॉक्टरणीने फुंकला?" तोफिगाने विचारलं. सभा पोट धरून हसली. लुसिया घरी गेली.

गोळ्यांमुळे आता त्याला घास गिळता येतो. ओठांत मात्र पूर्वीचा जोर आला नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मला काय, कुणीही फुंकतं आणि मी वाजतो. पण एखाद्याचा चेहरा बघून त्याच्या मनाचा निवाडा करू नका. माझी ही विनवणी आमच्या गावाला तर ऐकूच जात नाही.

पुतण्या मला बेसूर फुंकतो. तेव्हा पेसामिनो दारात बसलेला असतो, एका हाताने हनुवटी सावरून, दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी वर धरून. माझा आवाज आला की तो हसतो. ते हसू मी ओळखतो. प्रार्थनेच्या वेळी कुणी बाहेर फिरू नये म्हणून रस्त्यावर पहारा देणारी तरुण मंडळी एकमेकांना कोपराने ढोसतात.

"बघ," ती म्हणतात, "अजून दात विचकतोय."

आणि त्याच्या दाराकडे एक दगड भिरकावतात.