‘पुडी’मधली गॅप

बँडमधली सौमित्रची गायकाची जागा मला मिळाली तेव्हा अभयने बजावलं होतं, "ऋचा, ‘पुडी’ गाताना शेवटच्या ओळीआधी चार ठोके गप्प राहायचं. तिथेच पब्लिक वेडं होतं." अभय ड्रमर. बँड त्याचा आणि बोलणं असं, की आपल्यावर उपकारच करतोय. ‘पुडी’ हे सौमित्रने स्वतःच्या ब्राउन शुगरच्या व्यसनावर लिहिलेलं गाणं. ते गातागाताच तो पार बुडाला आणि व्यसनमुक्ती केंद्रात गेला. मी जुनी रेकॉर्डिंगं ऐकून ती गॅप श्वासासकट घोटली.

परवा शनिवार पेठेतल्या आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत सौमित्र आला. अंग भरलेलं, दाढी केलेली.

"बरा झालोय. परत घेता का?" त्याने सरळच विचारलं.

जागा त्याचीच होती, पण मला ती सोडायची नव्हती.

"गाऊन दाखव," अभय म्हणाला.

सुंदर गायला. शेवटच्या ओळीआधी अभय सवयीने थांबला, सौमित्र मात्र थांबलाच नाही.

"गॅप खाल्लीस," अभय म्हणाला.

"ती गॅप नव्हती रे. तिथे माझे हातपाय कापायचे, दम पुरायचा नाही. तुम्ही ती गाण्यात बसवलीत होय?"

मला भयंकर लाज वाटली. इतके दिवस मी एका माणसाचं दुखणं तालात म्हणत होते.

"लोकांना तीच हवीय," अभय म्हणाला. "परत यायचंय ना? मग थांब तिथे."

"अभय, माणूस आहेस का कोण?" मी ओरडले.

पण सौमित्रला बँड हवा होता. तो पुन्हा गायला आणि त्या जागी थांबला. तिसऱ्या ठोक्याला त्याच्या हातातला माइक हलायला लागला. कपाळावर घाम आला. शेवटची ओळ आलीच नाही.

"बेस्ट! हेच पाहिजे," अभय म्हणाला. त्याला ती ॲक्टिंग वाटली.

सौमित्रने माइक माझ्या हातात दिला आणि जिना उतरला. मी मागे धावले. तो खालच्या पायरीवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"तिथे थांबलो की ते पुन्हा हवंसं वाटतं गं," तो म्हणाला. "माझ्या आईला फोन लाव. न्यायला ये म्हणावं. एकटा निघालो तर मी घरी पोचणार नाही."