आत्याच्या मापाचा मी

दचकू नका, मीच बोलतोय. शिवणयंत्राच्या शेजारी, खडू आणि कात्रीच्या मधे जो जाडजूड लॅपटॉप दिसतोय ना, तो मी. माझं झाकण धड मिटत नाही आणि चार बटणांवर रंगीत गुंड्या चिकटवल्या आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

जन्म कारखान्यातला, शेकडो भावंडांबरोबरचा. पुढे एका कचेरीत आठ वर्षं राबलो. मग तिथे सडपातळ, चकचकीत मंडळी आली आणि माझी रवानगी भंगाराच्या खोक्यात झाली. तिथून मला उचललं ते कचेरीतल्या संगणकांची देखभाल करणाऱ्या माणसानं. याच्यात अजून जीव आहे, असं म्हणत त्यानं साहेबांची रीतसर परवानगी घेतली आणि मला पिशवीत घालून घरी आणलं.

हा माणूस भलताच हौशी. 'कमी पुरे' नावाचा त्याचा ब्लॉग होता. संगणक जितका साधा तितका बरा, हे त्याचं वेड. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो चार ओळी लिहायचा: आज काय काढून टाकलं आणि ते काढल्यावर कसं काहीच अडलं नाही. वाचक दोन-अडीचशेच, पण पक्के. बायको त्याला ब्लॉगच्याच नावानं हाक मारायची. "कमीपुरे, चहा गार झाला," एवढं ऐकलं की तो ताडकन उठायचा.

माझ्या अंगावरचं एकेक ओझं त्यानं उतरवलं. चित्रं गेली, खिडक्या गेल्या, माउसचा बाणही गेला. शेवटी उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक बारीक रेघ. पूर्वी जागं व्हायला मला पाच मिनिटं लागायची, आता झाकण उघडायचा अवकाश की मी तयार. खरं सांगतो, त्यानं मला फार जीव लावला.

त्याची एक आत्या होती. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवलेली ही बाई तीन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायची आणि भाच्याचा ब्लॉग फोनवर अक्षरं मोठी करून रोज वाचायची. गिऱ्हाइकांच्या गोष्टी माझ्याकडेही ढीगभर आहेत, लिहायला हव्यात, असं ती एकदा सहज बोलून गेली. झालं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शिवणाच्या टेबलावर.

भाच्यानं दहा मिनिटांत सगळं शिकवलं आणि त्या दहा मिनिटांत "एकदम सोपं आहे" असं निदान वीस वेळा म्हटलं. आत्या प्रत्येक वेळी हो म्हणाली. माणसं इतक्या पटापट हो म्हणू लागली की त्यांना काही कळलेलं नसतं, हे मी कचेरीत आठ वर्षं पाहत आलो होतो. पण मला विचारतो कोण?

पहिल्या दिवशी आत्यानं चष्मा पुसला, पाऊण तास खपून एक वाक्य लिहिलं आणि खूश झाली. तेवढ्यात कुठलंसं बटण चुकून दाबलं गेलं आणि वाक्य गडप. ते माझ्या पोटात सुखरूप होतं हो. पण तसं सांगायला माझ्याकडे एक खूणसुद्धा उरली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या साधेपणाची लाज वाटली. आत्यानं माझं झाकण हळूच लावलं आणि वर अस्तराचं कापड पांघरलं.

इकडे भाच्याची उचलली जीभ लावली टाळ्याला. 'माझी सत्तरीतली आत्या काळ्या पडद्यावर लिहू लागली, मग तुम्हाला काय अवघड?' असं त्यानं ब्लॉगवर लिहिलं. वाचकांनी आत्याचं लिखाण मागितलं, तेव्हा येत्या रविवारी पहिला लेख देतो, असंही कबूल केलं. आत्यानं हे माझ्याशेजारी बसूनच वाचलं. आयुष्यात तिनं कुणाचा कपडा ठरल्या दिवसाच्या पुढे नेला नव्हता. आता नाही जमत म्हणावं, तर चारचौघांत भाचा खोटा पडणार.

मग तिनं एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी भाच्याचा फोन आला की ती मला उघडायची, एका हातात फोन धरायची आणि दुसऱ्या हातानं एकच बटण टकटक दाबत राहायची. "लिहितेच आहे बघ," म्हणायची. तो आवाज ऐकून भाचा पलीकडे सुखावायचा. माझ्यात मात्र पानंच्या पानं 'कककककक' साठत होती.

शनिवारी दुपारी तो लेख न्यायला आला आणि त्यानं मला उघडलं. अकरा पानं नुसती क. त्याला आधी हसूच आलं. बटण अडकलं वाटतं, म्हणाला. मला उलटं करून थोपटलं, फुंकरा मारल्या. साप साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार. शेवटी म्हणाला, "याचं आता संपलं, आत्या. हा भंगारात देतो आणि तुला दुसरा आणतो."

आत्यानं नुसतं 'हो' म्हटलं असतं की काम झालं. लाज राखली जाणार होती, भाचाही खोटा पडणार नव्हता. जाणार होतो तो फक्त मी. माझा पंखा भीतीनं घरघरू लागला.

"त्याला काही बोलू नकोस," आत्या म्हणाली. "बटण चांगलं आहे. मीच दाबत होते."

भाच्यानं मला सुलटं करून टेबलावर ठेवलं.

"पन्नास वर्षांत माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावली नाही. तू माझं माप घेतलंस का रे?"

 त्यानं तिला माझ्यासमोर बसवलं, स्वतः शेजारी स्टुलावर बसला आणि संध्याकाळपर्यंत फक्त बघत राहिला: तिचा हात कुठे थांबतो, नजर काय शोधते. मधूनच त्याच्या तोंडून "सोपं" निघायचं आणि आत्या डोळे वटारायची. मग त्यानं मला पांढरं पान दिलं, अंगठ्याएवढी अक्षरं दिली, लिहिलेलं आपोआप जपून पुन्हा समोर दाखवायची सवय लावली. जिथे हात अडायचा त्या चार बटणांवर खुणेसाठी लावायला गुंड्या आत्यानंच डब्यातून निवडल्या. जन्मभर काढून टाकणाऱ्या माणसानं त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी दिलं.

आणि माझ्या पोटात चाचपडताना त्याला ते हरवलेलं वाक्य सापडलं. 'एका गिऱ्हाइकाला कोटाला आतून एक जास्तीचा खिसा लागायचा.' आत्यानं ते दोनदा वाचलं. "अगं बाई, इथंच होतं होय?" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

रविवारी काय लिहू, असं त्यानं विचारलं. खरं ते लिही, पण थोडक्यात, असं तिनं बजावलं. त्यानं दोनच ओळी लिहिल्या: 'आत्याचा लेख आज नाही. मी तिचं माप न घेताच शिवलं, चूक माझी.' त्यावर एका जुन्या वाचकानं कळवलं की आमचे बाबाही सगळ्याला हो म्हणतात, आज त्यांच्याजवळ जाऊन बसतो.

खिशाची गोष्ट पुरी व्हायला तीन आठवडे लागले. आता चौदा गोष्टी झाल्यात.

माझी बॅटरी संपली आहे, भिंतीतल्या विजेचा आधार सुटला की मी आडवा. फार दिवस राहिले नसावेत. माझ्यामागे या गुंड्या नव्याला द्या, पण चिकटवण्याआधी आत्याचा हात कुठे थांबतो ते पुन्हा एकदा बघा, वय वाढलंय तिचं. आणि ती अकरा पानं तेवढी पुसू नका. त्यात वाचण्यासारखं काही नाही. भाच्याचं हसं होऊ नये म्हणून तिनं ती रोज संध्याकाळी एका हातानं लिहिली होती.