फ्लेक्सवरचे दात

त्या दिवशी मी आबांच्या आधी तयार होऊन बसले होते. धाराशिवच्या डॉक्टर राजेश्वरींनी अकराला बोलावलं होतं. लोहाऱ्याहून सातची गाडी पुरेशी होती, तरी मी साडेपाचलाच चहा टाकला. आज आबांच्या तोंडात दात येणार होते. एक-दोन नाही, वर-खाली मिळून सगळे.

चौदा महिन्यांपूर्वी जळकोटच्या अलीकडे जीप उलटली. आई गेली. आबा वाचले, पण जबडा फुटला. काही दात रस्त्यावर राहिले, उरलेले काढावे लागले. तीस वर्षं एसटीत कंडक्टर राहिलेला, गाडीभर माणसांशी बोलणारा हा माणूस तेव्हापासून खुणांवर आला. बोललाच तर तोंडावर हात. आमटीत कुस्करलेली भाकरी ते भिंतीकडे तोंड करून खायचे.

जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून ते नीट धरायला आठ महिने गेले होते. आज त्यांच्यावर कच्चे दात चढायचे होते. जमले की त्याच नमुन्याचे पक्के होणार, आणि पक्के झाले की बदलता येत नाहीत, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं होतं.

नमुना मीच दिला होता. डॉक्टरांनी आबांचा हसतानाचा जुना फोटो मागितला, तेव्हा आबांना न विचारता मी मोबाइलवरून पाठवून दिला. सेवापूर्तीच्या वेळी गावात लागलेल्या फ्लेक्सवरचा, फेटा बांधलेला, आबा एकटे असलेला. बाकी सगळ्या फोटोंत त्यांच्या शेजारी आई होती. त्या अपघातापासून ते फोल्डर मी उघडलं नव्हतं.

दवाखान्यात पोचलो, तर दात घडवणारे वीरप्पा सोलापूरहून स्वतः दातांचा डबा घेऊन आले होते. "काका, घाबरायचं काय नाही बघा," ते म्हणाले.

"घाबरतंय कोन," आबा हाताआडून म्हणाले. "घाटात गाडीच्या दारात हुबं राहून जल्म गेलाय."

अर्धा तास स्क्रू कसण्यात गेला. मी पुस्तक उघडून बसले होते. एकही ओळ वाचली नाही. मग डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली. "काका, आता साठपासून सत्तरपर्यंत मोजा. स नीट उमटतो का बघू."

आबांनी जीभ सगळीकडून फिरवून पाहिली. नव्या घरात माणूस खोल्या बघतो तशी. मग घसा खाकरला.

"आकडे कशाला? गाडी सांगतो. लोहारा, जेवळी, आष्टामोड, जळकोट, नळदुर्ग, अणदूर, इटकळ, सोलापूर. सोलापूरवाले मागं सरका."

जळकोटला ते अडखळले नाहीत. मी अडखळले. पण आवाज खणखणीत होता, चौदा महिन्यांपूर्वीचा. दाराबाहेर बाकावर बसलेली एक बाई खरंच थोडी मागे सरकली.

मग डॉक्टरांनी आरसा दिला. आबांनी ओठ वर केला, खाली केला. बराच वेळ बघत राहिले.

"हे कुनाचे दात हायेत?"

"तुमचेच, काका. तुमच्या फोटोवरूनच केलेत." डॉक्टरांनी स्क्रीनवर फ्लेक्सचा फोटो लावला.

आबांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी उठले. ते हसत होते. हात मांडीवर होता, तोंडाकडे गेलाच नव्हता.

"हे तर आमच्या दिग्विजयचे हायेत."

"कोण दिग्विजय?"

"गावातलं पुढारी. तरणं पोरगं हाय. माज्या म्होरल्या दातांत फट व्हती, ती फ्लेक्सवर काळी दिसाया लागली. म्हनून फ्लेक्सवाल्या धनाजीनं दिग्विजयचे दात उचलून मला चिकटिवले. त्याचा फोटो लई साफ हाय म्हनं. निम्म्या लोहाऱ्याला तेच लावल्यात." आबांनी डोळे पुसले. "श्रावस्ती, तुझ्या आयनं पहिल्याच दिशी वळखलं. धनाजीच्या दुकानात गेली आन् म्हनली, माज्या नवऱ्याचं तोंड हाय तसं दे."

मी तेव्हा नांदेडला नोकरीत होते. पण दात ओळखू न आल्याचं ते कारण नव्हतं. ती फट मी लहानपणापासून रोज पाहिली होती. मला फक्त आई नसलेला फोटो हवा होता. त्यातल्या तोंडाकडे मी पाहिलंच नव्हतं.

"त्या सुळ्याला चार वेळा घासलो बघा मी," वीरप्पा म्हणाले. "पुढाऱ्यासाठी."

डॉक्टरही हसल्या, मग गंभीर झाल्या. "बसलेत मात्र उत्तम. चालत असतील तर हेच पक्के करू. नाहीतर नीट दिसणारा खरा फोटो लागेल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं कोणते फोटो उरलेत ते. "चालतील की," ते म्हणाले. "खायाशी मतलब."

"नाही चालणार," मी म्हणाले आणि फोल्डर उघडलं.

पहिल्या फोटोत बुद्धजयंतीला पांढऱ्या साडीत आई, आबांचे ओठ मिटलेले. दुसऱ्यात आई उन्हाने डोळे बारीक करून. मी भराभर पुढे जात राहिले. थांबावंसं वाटत नव्हतं. बाराव्या फोटोत आबा मान मागे टाकून हसत होते. फट स्वच्छ दिसत होती, तिच्या डावीकडचा दात किंचित पुढे आलेला. शेजारी आई बोट उगारून काहीतरी सांगत होती.

"हा," मी म्हणाले. आबांचं तोंड मोठं करून दाखवायला लागले, तशी आई कडेला जाऊन दिसेनाशी झाली.

"तिला काढू नको कडंला," आबा म्हणाले.

मी फोटो पुन्हा लहान केला. आम्ही दोघांनी तो पाहिला. डॉक्टर थांबल्या.

"काय म्हनत व्हती म्हाईत हाय का? दात काढू नका, फोटो चाललाय."

वीरप्पा मोबाइल घेऊन शेजारच्या खोलीत गेले. यंत्राचा आवाज कधी चढायचा, कधी थांबायचा. थांबला की मी दाराशी जायचे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही बसा तरी, नाहीतर तुम्हीच घासा."

दात पुन्हा चढले. मी आबांच्या समोर उभी राहिले. "फट थोडी अजून हवी."

वीरप्पांनी घासलं. "आता?"

"डावीकडून अगदी केसभर."

त्यांनी पुन्हा हात लावला, बाजूला झाले, आणि समोर आबा होते. गेलं वर्षभर मी ज्यांना जेवू घातलं, औषधं दिली, ते नव्हेत, त्यांच्या आधीचे.

"बास," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आरसा पुढे केला. आबांनी तो घेतला नाही. माझ्याच तोंडाकडे बघत विचारलं, "जमलं न्हवं?"

"जमलं."

"मग करा पक्के," ते डॉक्टरांना म्हणाले.

परतीच्या गाडीत कंडक्टर तरुण मुलगी होती. आबा तिच्यामागच्या सीटवर बसले. गाव कुठलं, डेपो कुठला, ड्युटी कुणी लावली, सुट्या पैशांवरून भांडणारा प्रवासी कसा गप करायचा. तुळजापूर येईतो तिला नणंद कशी छळते हेही त्यांना कळलं होतं. नळदुर्गला चढलेल्या दोन म्हाताऱ्यांनाही त्यांनी गप्पांत ओढून घेतलं.

मला त्यांना फोल्डरमधला पुढचा, तेरावा फोटो दाखवायचा होता. मोबाइल हातात धरून मी वाट बघत बसले. त्यांचं बोलणं काही संपेना.